शाफ्टभोवतीचं पाणी

शिवाजी पार्कात समुद्राच्या बाजूला राहणाऱ्यांना गंजाची ओळख करून द्यावी लागत नाही. एसीचे ब्रॅकेट, जिन्यातले मीटरचे डबे, गच्चीवरच्या टाकीची शिडी, सगळ्यांवर खारा वारा बारा महिने काम करत असतो. घर या किनाऱ्याला असलं तरी माझं काम मात्र शहराच्या पूर्व किनाऱ्यावर गेलं: माझगाव, दारूखाना, भाऊचा धक्का, ससून डॉक. मासेमारीच्या बोटी, प्रवासी लाँच, अधूनमधून एखादी खासगी यॉट.

बोटवाले इंजिनाबद्दल भरभरून बोलतात. इंजिन आणि पंखा यांच्यामधल्या शाफ्टची आठवण बिघाड झाल्यावर होते. खरं तर बोटीतली सगळ्यात नाजूक जागा तीच. पाण्याखाली, तळाजवळ, आपण मुद्दाम भोक पाडतो आणि त्यातून फिरता दांडा बाहेर काढतो. समुद्र आत येता कामा नये, आणि तरीही त्या दांड्याला सतत ताजं पाणी मिळायला हवं. या दोन गरजा एकमेकींच्या विरुद्ध आहेत, आणि शाफ्टचा गंज व शाफ्टचं सील हे दोन वेगळे विषय नाहीत, असं मी म्हणतो ते त्यामुळेच. पाणी कुठे थांबलं, कुठे वाहिलं आणि कोणता धातू कोणत्या धातूला जोडला गेला, एवढ्यावर शाफ्टचं आयुष्य ठरतं. हाती लागलेले हे अनुभवाचे बोल बोट सांभाळणाऱ्यांसाठी आणि या कामात नव्याने येणाऱ्या मुलांसाठी लिहितो आहे.

१. धातूची जोडी आधी बघा

खारं पाणी वीज वाहून नेतं. त्यात दोन वेगळे धातू बुडवले आणि ते बाहेरून एकमेकांना टेकले, की त्यांची बॅटरी होते. एक धातू वाचतो, दुसरा झिजतो. शिवाजी पार्कातल्या कुठल्याही जुन्या सरकत्या खिडकीत हे दिसतं. स्टेनलेसचा स्क्रू चकचकीत राहतो आणि त्याच्याभोवतीचं अ‍ॅल्युमिनियम पांढरी भुकटी होऊन सुटतं.

कोण झिजणार हे आधी सांगता येतं. चांदी आणि सिल्व्हर क्लोराइडचा संदर्भ इलेक्ट्रोड पाण्यात सोडून साध्या मल्टीमीटरने मोजलं, तर समुद्राच्या पाण्यात जस्त सुमारे उणे १ व्होल्ट दाखवतं, साधं पोलाद उणे ०.६ च्या आसपास, ब्राँझ उणे ०.३ च्या आसपास, आणि चांगल्या स्थितीतलं ३१६ प्रतीचं स्टेनलेस शून्याच्या जवळ. ग्राफाइट तर शून्याच्याही वर, अधिक बाजूला. ज्याचा आकडा जास्त उणे, तो दुसऱ्यासाठी झिजतो. एवढी यादी पाठ असली तर निम्मी दुखणी बोट पाण्यात सोडायच्या आधीच दिसतात.

क्षेत्रफळ मात्र लोक विसरतात. मोठ्या ब्राँझच्या पंख्यावर छोटी पोलादी पिन किंवा नट लावला, तर सगळा पंखा त्या एका पिनेवर जगतो. पिन फार लवकर संपते. उलट मोठ्या पोलादी भागावर छोटा ब्राँझचा स्क्रू असेल तर त्या मानाने काही बिघडत नाही. म्हणून पंख्याचा नट, चावी आणि स्प्लिट पिन कधीही शाफ्टपेक्षा हलक्या धातूची घेऊ नका. या चार रुपयांच्या वस्तूंपायी पंखा समुद्रात गेलेला मी पाहिला आहे.

पंख्याबद्दलही सांगायला हवं. बाजारात मँगनीज ब्राँझ म्हणून जे मिळतं ते खरं तर पितळ आहे, त्यात चाळीस टक्क्यांच्या आसपास जस्त असतं. संरक्षण नसलं तर समुद्र त्यातलं जस्त हळूहळू खातो आणि मागे सच्छिद्र तांबं उरतं. पात्याची कड लालसर, गुलाबी दिसू लागली, हातोडीने टिचकी मारल्यावर आवाज खणखणीत न येता बसका आला, की समजावं. परवडत असेल तर निकेल अ‍ॅल्युमिनियम ब्राँझचा पंखा घ्यावा.

२. स्टेनलेसला हवा लागते

हा सगळ्यात महागडा धडा, आणि तो सगळ्यांत कमी लोकांना माहीत आहे.

स्टेनलेस गंजत नाही ते त्याच्या अंगावरच्या क्रोमियम ऑक्साइडच्या अतिशय पातळ थरामुळे. हा थर ओरखडला तर आपोआप पुन्हा बनतो, पण त्यासाठी पाण्यात विरघळलेला प्राणवायू लागतो. वाहत्या पाण्यात तो मिळतो. जिथे पाणी कोंडलं तिथे प्राणवायू संपतो, क्लोराइड साचतं, ते कोंडलेलं पाणी आम्लधर्मी होतं आणि थर पुन्हा बनत नाही. मग त्या एका ठिपक्यावर स्टेनलेसचा आकडा शून्याजवळून घसरून साध्या पोलादाच्या दिशेने जातो आणि उरलेला सगळा चकचकीत शाफ्ट त्या ठिपक्याच्या जिवावर उठतो. वरून टाचणीच्या टोकाएवढं छिद्र, आत मात्र पोकळी. शाफ्ट बाहेर काढून पुसला की चांगला दिसतो. एके दिवशी जोर पडला की तिथेच तुटतो.

हे कोंडलेले कोपरे कुठले? ग्लँडमधल्या, म्हणजे शाफ्टभोवती दोरी भरून पाणी अडवणाऱ्या जागेतल्या, पॅकिंगखाली. शाफ्ट ज्या नळीतून बोटीबाहेर जातो त्या स्टर्न ट्यूबच्या आत. पंख्याजवळ शाफ्टला आधार देणाऱ्या कटलेस बेअरिंगच्या रबराखाली. पंख्याच्या हबमध्ये. म्हणजे शाफ्ट नेमका ज्या ज्या जागी झाकलेला आहे तिथे. उघड्यावर असलेला भाग क्वचित बिघडतो.

आपल्याकडे यात आणखी एक गोष्ट आहे. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारीबंदी असते. बऱ्याच बोटी किनाऱ्यावर ओढल्या जातात, पण खाडीत नांगरून ठेवलेल्याही पुष्कळ असतात. त्यांचा शाफ्ट एका जागी स्थिर, पॅकिंग भिजलेलं, स्टर्न ट्यूब गाळाने भरलेली. मुंबईत भरती-ओहोटीतला फरक उधाणाच्या दिवसांत चार मीटरच्या वर जातो, त्यामुळे ओहोटीला बोट चिखलात टेकते आणि ट्यूबचं तोंड अक्षरशः गाळात पुरलं जातं. शाफ्टचं वर्षभराचं नुकसान मासेमारीच्या हंगामात होत नाही, ते या सुट्टीत होतं. माझी याबद्दल खात्री आहे.

तेव्हा बोट ओढलेली असेल तर ग्लँड उघडून जुनं पॅकिंग काढून टाकावं, गोड्या पाण्याने ट्यूब मागून पुढून धुवावी आणि तशीच कोरडी सोडावी. नवी दोरी बोट उतरवायच्या आधी भरावी. बोट पाण्यातच राहणार असेल तर आठवड्यातून एकदा शाफ्ट हाताने काही फेरे फिरवावा, आणि जमलं तर भरतीला इंजिन चालू करून थोडा वेळ गिअर टाकावा. दोन्ही फुकटची कामं आहेत.

मालाची निवड करतानाही हेच डोक्यात ठेवा. सीपी टँक, खेतवाडीच्या बाजूला स्टेनलेसच्या पेढ्या आहेत, तिथे तुम्ही नुसतं ‘एसएस बार’ म्हणालात तर बहुधा ३०४ मिळेल. ३०४ मध्ये मॉलिब्डेनम नाही. ३१६ मध्ये २ ते ३ टक्के असतं, आणि कोंडलेल्या पाण्यात तेच उपयोगी पडतं. चुंबक लावून या दोघांतला फरक कळत नाही. मॉलिब्डेनम ओळखायचं थेंबाचं रसायन बाजारात मिळतं, ते सोबत ठेवा, आणि बारवरचा हीट नंबर कारखान्याच्या टेस्ट सर्टिफिकेटशी जुळवून मगच पैसे द्या. ३१६ सुद्धा अजिंक्य नाही. आपल्या पाण्याचं तापमान वर्षातला बराच काळ अठ्ठावीस, तीस अंशांच्या घरात असतं आणि गरम पाण्यात हा रोग लवकर जडतो. मोठ्या लाँचसाठी डुप्लेक्स २२०५ किंवा नायट्रॉनिक ५० घ्यावं. महाग आहे, पण ताकद ३१६ च्या जवळपास दुप्पट असल्याने कमी जाडीचा शाफ्ट चालू शकतो आणि हिशेब थोडा जुळतो.

साध्या पोलादाच्या शाफ्टवर गनमेटलचा लाइनर चढवलेली जुनी पद्धत अजून काही बोटींत आहे. मला तिच्याबद्दल आदर आहे. साधं पोलाद गंजतं ते दाखवून गंजतं, माणसाला सावध व्हायला वेळ देतं. तिथे फक्त लाइनरची दोन्ही टोकं सांभाळायची, कारण पाणी शिरतं ते तिथून, आणि लाइनरखाली काय चाललंय हे बाहेरून दिसत नाही.

३. झिंक झिजलं तर आनंद माना

हम्फ्री डेव्ही या इंग्रज शास्त्रज्ञाने १८२४ साली दाखवलं की जहाजाच्या तांब्याच्या पत्र्याला लोखंडाचे किंवा जस्ताचे तुकडे जोडले तर ते तुकडे झिजतात आणि तांबं वाचतं. त्याने ज्या जहाजावर प्रयोग केला ते समरंग हे आपल्या कोचीनला बांधलेलं होतं. तांबं खरोखर वाचलं. पण ते विरघळायचं थांबल्यामुळे त्यावर शेवाळ आणि शिंपले माजले, आणि आरमाराने ती योजना बाजूला ठेवली. दोनशे वर्षांनी आजही हेच होतं. पंख्याला भरपूर झिंक, म्हणजे मुद्दाम झिजू द्यायचे जस्ताचे ठोकळे, लावलं की पंखा सुरक्षित राहतो, मात्र त्यावर बार्नेकल जास्त बसतात. तक्रार करू नका, खरवडा. खरवडायला माणूस मिळतो. खाल्लेला पंखा परत मिळत नाही.

झिंकचे नियम थोडे आहेत. त्यावर कधीही रंग लावायचा नाही. रंगारी हौसेने तळ रंगवताना झिंकही रंगवतो आणि मग ते नुसतं वजन उरतं. शाफ्टवर बसवायची जागा काचकागदाने चकचकीत करायची, धातूला धातू टेकला पाहिजे. निम्मं झिजलं की बदलायचं. कटलेस बेअरिंगच्या तोंडाला चिकटवून बसवायचं नाही, मध्ये मोकळी जागा सोडायची, नाहीतर बेअरिंगला जाणारं पाणी अडतं.

आणि हंगाम संपला तरी झिंक जसंच्या तसं असेल तर काळजी करा. एक तर ते शाफ्टला नीट टेकलेलं नाही, किंवा धातूच खराब आहे. जस्तात लोखंडाचा अंश अगदी थोडा, ०.००५ टक्क्यांपेक्षा जास्त झाला, तरी त्यावर कडक थर बसून ते काम थांबवतं. भंगारातलं जस्त वितळवून ओतलेले ठोकळे स्वस्तात मिळतात, त्यांत हाच धोका.

खाडीत नांगरणाऱ्या बोटींसाठी माझा सल्ला वेगळा आहे. पावसाळ्यात मिठी नदीचं पाणी माहीमच्या खाडीत उतरतं, ठाण्याच्या खाडीतही तसंच, आणि खारटपणा झपाट्याने घसरतो. निमखाऱ्या पाण्यात जस्तावर साय धरते. तिथे इंडियम मिसळलेलं अ‍ॅल्युमिनियमचं अ‍ॅनोड जास्त चांगलं चालतं, आणि ते खाऱ्या पाण्यातही चालतं. शिवाय शहराचं सांडपाणी मिसळलेल्या खाडीत सल्फाइड असतं, त्याने तांब्याच्या मिश्रधातूंवर काळा थर येतो आणि झीज वाढते. असा काळा थर पंख्यावर दिसला तर नांगरायची जागा बदलता येते का ते आधी बघा.

लाकडी बोटीत अतिसंरक्षणही नको. गरजेपेक्षा जास्त झिंक तारांनी सगळ्या फिटिंगना जोडलं, की वाचवलेल्या धातूभोवती क्षार तयार होतो आणि तो सागाचं लाकूड सैल करतो. फिटिंगच्या मुळाशी पांढरी, केसाळ भुकटी दिसली की चार झिंक कमी करा.

४. शाफ्टपर्यंत वीज पोहोचते का, हे मोजा

बोटीच्या अंगाला मोठं झिंक लावलं म्हणजे शाफ्टही वाचला, हा समज चुकीचा आहे. इंजिन फिरत असताना गिअरबॉक्सच्या आत तेलाचा थर असतो, आणि रबरी कपलिंग असेल तर संबंध पूर्णच तुटतो. शाफ्ट विजेच्या दृष्टीने एकटा पडतो. त्यासाठी शाफ्टवर टेकणारा चांदी आणि ग्राफाइटचा ब्रश बसवतात, त्याची तार बोटीच्या बाँडिंगला, म्हणजे बोटीतले धातूचे भाग एकत्र जोडणाऱ्या तारेला. मल्टीमीटरचं एक टोक शाफ्टला, दुसरं बाँडिंगला, आणि इंजिन चालू असताना पन्नास मिलिव्होल्टच्या आत फरक राहिला पाहिजे. ब्रश आणि शाफ्टवरची त्याची जागा ग्रीसपासून दूर ठेवा.

५. भटकी वीज

दोन धातूंची आपसातली झीज महिन्यांनी मोजतात. बॅटरीची वीज पाण्यात गळू लागली तर तीच झीज दिवसांत मोजावी लागते. एक अँपिअर वर्षभर सतत वाहिला तर जवळपास नऊ किलो लोखंड विरघळतं. बिल्ज पंपाच्या तारेचा जोड तळातल्या पाण्यात बुडालेला असणं हे याचं नेहमीचं कारण. तारांचे जोड उंच ठेवा, आतून डिंक असलेली आकुंचन पावणारी नळी चढवा, आणि बोट सोडून जाताना मुख्य स्विच बंद करा. धक्क्यावरून चार्जर लावत असाल तर शेजारच्या बोटीही तुमच्याशी जोडल्या जातात, तेव्हा मध्ये गॅल्व्हॅनिक आयसोलेटर हवाच. नवं झिंक पंधरा दिवसांत संपलं तर आणखी झिंक लावत बसू नका, आधी तार शोधा.

६. ग्लँड गळू द्या

ससून डॉकला एका नाखवांनी मला हाक मारली.

“मास्तर, ग्लँड गळतोय. आवळून टाकू का?”

“नाखवा, आधी हात लावून बघा. गरम आहे का?”

“गार आहे.”

“मिनिटाला किती थेंब?”

त्यांनी मोजले. “दोन, तीन.”

“मग पाना खाली ठेवा.”

हे थेंब म्हणजे बिघाड नव्हे. पॅकिंग आणि शाफ्ट यांच्यामधून सरकणारं पाणी शाफ्ट गार ठेवतं, पॅकिंग ओलं ठेवतं, आणि वर सांगितलेला प्राणवायूही तेच घेऊन येतं. शाफ्ट फिरताना मिनिटाला दोन-तीन थेंब, थांबल्यावर जवळजवळ काही नाही, असा ग्लँड निरोगी. एक थेंबही नको म्हणून आवळत गेलं की दोरी जळते, कडक होते, शाफ्टवर खाच पाडते. मग त्या खाचेतून धार लागते आणि ती कुठल्याही पान्याने थांबत नाही.

दोरी बदलायची पद्धत एकदाच नीट शिकून घ्यावी. जुन्यावर नवी भरायची नाही, हुकाने सगळी जुनी बाहेर काढायची, अगदी तळाची कडीसुद्धा. कड्या कापायच्या त्या शाफ्टएवढ्याच जाडीच्या दांड्यावर गुंडाळून, धारदार पात्याने. प्रत्येक कडीचा सांधा आधीच्या सांध्यापासून तिसरा हिस्सा फिरवून ठेवायचा, म्हणजे तीन कड्यांचे सांधे तीन दिशांना येतात. कडी एकेक करून आत बसवायची. नट बोटांनी आवळायचा, बोट पाण्यात उतरली की इंजिन चालू करून हात ठेवून बघायचं आणि मग थोडा थोडा घ्यायचा. बसायला काही तास लागतात. घाई केली की सगळी मेहनत वाया. शेवटी लॉकनट विसरायचा नाही.

दोरी कुठली? चरबी लावलेली अंबाडीसारख्या धाग्याची दोरी जुनी आणि भरवशाची. टेफ्लॉनची दोरी कमी गळते, जास्त टिकते. नागदेवी स्ट्रीटवर दोन्ही मिळतात. तिथेच काळी, ग्राफाइट लावलेली दोरीही समोर ठेवतील, कारण वाफेच्या पंपांना आणि व्हॉल्व्हना ती उत्तम चालते. स्टेनलेसच्या शाफ्टला ती लावू नका. पहिल्या भागातल्या यादीत ग्राफाइट सगळ्यात वर आहे, त्याच्याशेजारी कोंडलेल्या पाण्यात स्टेनलेस झिजणारच.

७. सील निवडताना पाणी आणि हात, दोन्ही बघा

कॅटलॉगमधली चित्रं स्वच्छ निळ्या पाण्यातल्या बोटींची असतात. आपलं बंदर गढूळ आहे. भाऊच्या धक्क्याजवळ बादलीभर पाणी काढून तासभर ठेवा, तळाला काय बसतं ते दिसेल. कुठलं सील टिकणार ते या गाळावर ठरतं.

ओठाचं सील, म्हणजे रबरी कडेने शाफ्टला मिठी मारणारं, लावायला सोपं आणि कोरडं राहतं. पण गाळाचा बारीक कण त्या ओठाखाली अडकला की तो सँडपेपरचं काम करतो. सील नवं बसवता येतं. शाफ्टवर पडलेली गोल खाच बुजत नाही, सील थोडं पुढे मागे सरकवून नवी जागा द्यावी लागते. हे सील हवं असेल तर त्याला इंजिन थंड करणारं पाणी गाळून आणणारी एक नळी द्या, म्हणजे आतून बाहेर वाहणारं पाणी गाळाला तिथे टेकू देत नाही. आणि नागदेवीतलं साधं ऑइल सील इथे ठोकू नका. त्याच्या ओठाभोवतीची स्प्रिंग बहुधा साध्या पोलादाची असते, समुद्रात ती गंजून तुटते आणि ओठ सैल पडतो. स्टेनलेसची स्प्रिंग आहे का ते विचारूनच घ्यावं.

दुसरा प्रकार चकत्यांचा. शाफ्टवर स्टेनलेसची फिरती चकती, ट्यूबवर कार्बनची स्थिर चकती, आणि रबरी घडीचा भाता त्या दोघींना एकमेकींवर दाबून धरतो. शाफ्टवर काहीच घासत नाही, त्यामुळे खाच पडत नाही, आणि पाणी मोकळं फिरत असल्याने कोंडलेले कोपरेही कमी. प्रवासी लाँचसाठी मला हा प्रकार आवडतो. पण तीन अटी आहेत. बोट पाण्यात उतरवल्यावर भाता हाताने मागे दाबून आतली हवा काढायची, पाणी आलं पाहिजे. ते विसरलं तर चकत्या कोरड्या फिरून जळतात. वेगाने जाणाऱ्या बोटीत ट्यूबमधलं पाणी मागे ओढलं जातं, तिथेही पाण्याची नळी हवीच. आणि भात्याला वय असतं. रबर बाहेरून ठीक दिसतं, तरी बनवणाऱ्याने दिलेल्या मुदतीत, साधारण सहा वर्षांत, ते बदलायचंच. ग्लँड बिघडतो तो आधी हळूहळू गळून. भाता फाटतो तो एकदम, आणि मग बोटीत नळ नाही, नदी येते. फिरत्या चकतीमागे शाफ्टवर एक जादा कॉलर आवळून ठेवावी, म्हणजे चकतीचे स्क्रू सैल झाले तरी ती सरकत नाही.

माझा निर्णय असा. चार-पाच दिवस खोल समुद्रात जाणाऱ्या मासेमारीच्या बोटीला ग्लँडच द्यावा. किनाऱ्यापासून दूर रात्री पाणी वाढलं तर बोटीवरचा ड्रायव्हर हातातल्या पान्याने आणि हातभर दोरीने तो सावरू शकतो. मांडव्याच्या बाजूला रोज ये-जा करणाऱ्या, रोज रात्री माणसाच्या नजरेखाली येणाऱ्या लाँचला चकत्यांचं सील शोभतं. गेटवेसमोर आठवडेच्या आठवडे एकटी नांगरून असलेल्या यॉटच्या मालकांना मी विचारतो, भाता शेवटचा कधी बदलला? उत्तर आठवून द्यावं लागलं तर ग्लँडकडे परत या. जे सील रात्रीच्या अंधारात तुमच्याच बोटीवरचा माणूस दुरुस्त करू शकेल, ते तुमच्यासाठी चांगलं.

८. गळतीचं कारण बहुतेक वेळा सील नसतं

सील वारंवार जातं तिथे मी आधी शाफ्ट बघतो. पंख्याजवळ धरून वर-खाली हलवला तर कटलेस बेअरिंग किती झिजलंय ते हाताला कळतं. आत गाळ घुसतो, रबराच्या खाचा भरतात, पाणी वाहणं थांबतं आणि रबर जळतं. १८५४ साली जॉन पेन या इंग्रज इंजिनिअरने इथे धातूऐवजी लिग्नम व्हायटी नावाच्या चिवट लाकडाच्या पट्ट्या बसवल्या, पट्ट्यांच्या मधल्या खाचांतून समुद्राचं पाणीच वंगण म्हणून सोडलं. तेव्हा कुठे पंख्याची जहाजं लांबच्या प्रवासाला निर्धास्त निघू लागली. आजच्या रबरी बेअरिंगमध्ये लाकूड गेलं, खाचा राहिल्या.

मग अलाइनमेंट. कपलिंगच्या दोन चकत्यांमधली फट फिलर गेजने चार बाजूंनी मोजायची, चकतीच्या एक इंच व्यासामागे एक थाऊपेक्षा, म्हणजे इंचाच्या हजाराव्या भागापेक्षा, जास्त फरक नको. हे बोट पाण्यात असताना करायचं, तेही उतरवून एक-दोन दिवस झाल्यावर. लाकडी बोट किनाऱ्यावर टेकूंवर असताना वेगळ्या आकाराची असते, पाण्यात वेगळ्या.

९. पंख्याच्या हबमध्ये बघा

शाफ्ट काढलाच आहे तर शेवटचा कोपराही बघून घ्या. पंखा शाफ्टच्या निमुळत्या टोकावर बसतो, अनेक ठिकाणी हा निमुळतेपणा सोळास एक. निळा रंग लावून पंखा दाबून बसवा, काढा, आणि रंग दोन्हीकडे सारखा लागला का बघा. फक्त मोठ्या टोकाला किंवा फक्त लहान टोकाला लागला तर पंखा तिथेच टेकतो आहे, उरलेल्या फटीत पाणी कोंडतं आहे. लॅपिंग पेस्टने बसवून घ्या. चावी बसवलेली असताना पंखा आपल्या जागेपर्यंत पूर्ण जातो का हेही पाहा, चावी उंच असेल तर ती हबला वर उचलून धरते.

चावीच्या खाचेचं पुढचं टोक चौकोनी कापलेलं असेल तर लेथवाल्याकडून ते गोलाईत करून घ्या. पंख्याचा प्रत्येक हिसका त्या कोपऱ्यावर येतो आणि खाऱ्या पाण्यात तडा तिथूनच निघतो. तो डोळ्यांना दिसत नाही. डाय पेनेट्रंटचे तीन डबे लागतात, साफ करायचा, लाल रंगाचा आणि पांढऱ्या पावडरीचा. खाच स्वच्छ करून लाल फवारा मारा, डब्यावर लिहिलेला वेळ थांबा, पुसा, पांढरा मारा. काही मिनिटांत पांढऱ्यावर केसाएवढी लाल रेघ उमटली तर तो शाफ्ट परत बोटीत घालू नका. वेल्डिंगने भरून देतो असं सांगणारे भेटतील; वेल्डिंगच्या उष्णतेने शेजारचा धातू आणखी कमकुवत होतो. तो बार कापून टाका, नवा ३१६ चा बार सर्टिफिकेटसह आणा, आणि जुना पंखा त्यावर निळ्या रंगाने पुन्हा बसवून बघा.